ड्रेनेज लाइनशेजारचा पाया

पाया किती रुंद हवा हे घराच्या वजनावर आणि मातीवर ठरतं. प्लॉटच्या कडेनं ड्रेनेज लाइन जात असेल, तर तो किती खोल हवा हे मात्र लाइन ठरवते. नकाशावर ती दिसतेच असं नाही.

दोन चेंबरमध्ये लाइन सरळ टाकायची आणि वळणावर चेंबर बांधायचा, असा शिरस्ता आहे. त्यामुळे दोन झाकणांच्या मध्ये दोरी ताणून फक्की मारली की लाइनचा मार्ग जमिनीवर दिसतो. मग झाकण काढून वरूनच टेप सोडायचा आणि तळातल्या नाळीपर्यंत माप घ्यायचं. मापासाठी कुणाला आत उतरवू नये. तिथल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो.

समजा, लाइनचा तळ ६ फुटांवर आहे आणि फुटिंगचा ४ फुटांवर. फुटिंगखालचा भार ढोबळमानानं ४५ अंशांत पसरतो, म्हणजे २ फूट अंतर पुरे, असं साइटवर सांगितलं जातं. कडक मुरमात हे निभतंही. पण पाइपवर भार येणं ही निम्मीच काळजी. लाइन कधीतरी तुंबणार, फुटणार आणि जेसीबी तिच्या तळाखालपर्यंत चर खणणार. त्या दिवशी फुटिंगशेजारची माती गेलेली असेल. म्हणून अंतर पाइपपासून नव्हे, त्या होऊ घातलेल्या चराच्या कडेपासून मोजावं. शेजारशेजारच्या उंच-सखल फुटिंगांसाठी आयएस १९०४ हे मानक आडवे २ आणि उभा १ असा उतार घालून देतं. काळ्या मातीत चरासाठीही तोच धरावा, असं माझं मत आहे. वरच्या उदाहरणात मग अंतर निदान ४ फूट होतं.

छोट्या प्लॉटवर ४ फूट आणायचे कुठून? लाइन आपल्याच घराची असेल तर ती हलवावी. सगळ्यात स्वस्त उपाय तोच, आणि सुचतो सगळ्यात शेवटी. लाइन पालिकेची असेल तर परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. मग फुटिंग लाइनच्या तळाखाली न्यायचं, पण तो खड्डा एकदम न घेता टप्प्याटप्प्यानं, आधार देत. नाहीतर पाइपच लटकतो. किंवा कॉलम आत घेऊन कडेची भिंत कॅन्टिलिव्हर बीमवर पेलायची. यात सळई वाढते, पण लाइनला धक्का लागत नाही, म्हणून माझा कल इकडे असतो.

राफ्टनं घर वाचेल असं समजू नये. कडेची माती निघाली की तोही झुकू शकतो. काळ्या मातीत अंडर-रीम्ड पाइल चांगले. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ते अशाच मातीसाठी विकसित केले. फक्त ३०० मिलिमीटरच्या पाइलचा खालचा फुगवटा साधारण ७५० मिलिमीटरचा होतो, तो लाइनच्या पातळीवर येता कामा नये. आणि पाइल ठोकून न बसवता ऑगरनं भोक पाडूनच घ्यावेत: जुन्या स्टोनवेअर पाइपांचे सिमेंटचे सांधे हादऱ्यानं तडकतात, गळतं पाणी काळ्या मातीत मुरतं, माती फुगते आणि वरची फरशी उचलली जाते.

भिंतीतून पाइप न्यायचा असेल तर वर लिंटेल घालून चहूबाजूंनी २ इंच मोकळे ठेवा. गवंडी ती फट हमखास बुजवतो. काम सुरू करण्याआधी आणि भर घालण्याआधी खालच्या चेंबरशी लाइन बंद करून वरून पाणी भरा आणि पातळी उतरते का ते पाहा. दोन्ही वेळचे आकडे लिहून ठेवले, तर लाइन कुणी फोडली यावर कंत्राटदाराशी वाद उरत नाही.