आरंभरेषेवरची कसोटी

१९८२ मध्ये नवव्या आशियाई क्रीडास्पर्धा दिल्ली येथे झाल्या. शिडाच्या नौकांच्या शर्यती मात्र मुंबईच्या समुद्रात घेण्यात आल्या. त्यांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास अशा शर्यती म्हणजे शिडांची संथ ये-जा वाटते. प्रत्यक्षात मात्र खरी चुरस आरंभरेषेवरच सुरू होते आणि खेळाडूच्या कौशल्याइतकीच त्याच्या सचोटीची कसोटीही तेथेच लागते.

पाच मिनिटांचा डाव

धावपटू रेषेवर स्थिर उभा राहू शकतो. नौकेला ते शक्य नसते. वारा आणि प्रवाह तिला सतत हलवीत असतात. नांगरलेली पंचांची नौका आणि समोरचा तरंगता बोया यांच्यामधील काल्पनिक रेषा ही आरंभरेषा होय. पाच मिनिटे आधी पहिला बावटा चढतो, चार मिनिटे उरली असता दुसरा. एक मिनिट उरले की दुसरा उतरतो आणि पहिला उतरताच शर्यत सुरू होते. सोबत ध्वनिसंकेतही होतात. परंतु प्रमाण मानावयाचा तो बावटाच. त्या क्षणी रेषेच्या किंचित अलीकडे, पण पूर्ण वेगात असणे हीच खरी कला.

टोकाची निवड

शर्यतीचा पहिला टप्पा बहुधा वाऱ्याच्या विरुद्ध असतो. नौका थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. सुमारे ४५ अंशांचा कोन राखून तिला नागमोडी वाट काढावी लागते. म्हणून रेषेचे जे टोक वाऱ्याच्या उगमाकडे कललेले असेल, ते लाभाचे ठरते. १०० मीटर लांबीची रेषा १० अंशांनी कललेली असेल, तर दोन टोकांत वाऱ्याच्या दिशेने सुमारे १७ मीटरांचे अंतर पडते. चार मीटरांच्या नौकेच्या दृष्टीने ही आघाडी चार लांबींहून अधिक होय. मात्र हे गणित सर्वांनाच ठाऊक असल्याने तेथेच गर्दी उसळते आणि पुढच्या शिडांनी ढवळलेला वारा मागच्यांच्या वाट्यास येतो. अशा वेळी थोडा लाभ सोडून मोकळा वारा पत्करणे शहाणपणाचे असते.

वाट कोणाची

उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या नौकेस डाव्या बाजूने वारा घेणारीने वाट द्यावी, हा मूलभूत नियम आहे. दोघींना एकाच बाजूने वारा असून त्या शेजारी असतील, तर वारा जिला आधी लागतो तिने दुसरीस वाट द्यावयाची असते. म्हणूनच पंचांच्या नौकेलगतच्या फटीत ऐनवेळी घुसू पाहणाऱ्यास तेथे जागेचा हक्क नसतो. जी नौका वेळेपूर्वी रेषा ओलांडते, तिला पूर्णपणे मागे येऊन, इतरांस अडथळा न करता पुन्हा निघावे लागते.

स्वतःच स्वतःचा पंच

अफाट पाण्यावर प्रत्येक चूक पंचांच्या दृष्टीस पडणे अशक्य असते. म्हणून चूक झाल्यास खेळाडूने ती स्वतः ओळखून, इतरांपासून दूर होऊन, नौकेला एकाच दिशेने दोन पूर्ण गिरक्या देऊन प्रायश्चित्त घ्यावे, अशी नियमांची अपेक्षा आहे. त्या चुकीने गंभीर हानी झाली असेल, तर शर्यतच सोडावी लागते. कोणी पाहिले नाही म्हणून पुढे जाणारा जिंकेलही. पण मग त्या खेळाचा आधारच निखळतो.

संकटातील खलाशास मदत करणे हे तर नियमानेच कर्तव्य ठरविलेले आहे. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमधील नौकाशर्यती पुसान येथे चालू असता वाऱ्याने अचानक उग्र रूप धारण केले. कॅनडाचे लॉरेन्स लेमियू त्या वेळी आपल्या शर्यतीत दुसऱ्या स्थानी होते. सिंगापूरच्या दोन खलाशांची नौका उलटलेली पाहताच त्यांनी मार्ग सोडला आणि दोघांनाही वाचविले. पंचांनी त्या शर्यतीत त्यांचे दुसरे स्थान त्यांना परत दिले, तसेच पिएर द कुबेर्तँ पदकानेही त्यांचा गौरव झाला. स्पर्धेचे पदक त्यांना लाभले नाही. मात्र त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

आरंभरेषेवर क्षणाचाही विलंब नको म्हणून जिवाचे रान करणाऱ्या खेळाडूने प्रसंगी सारी आघाडी सोडून देण्याची तयारी ठेवावी, हीच या खेळाची थोर शिकवण होय.