कामावर जाणाऱ्या मातेचे बाळ : दिवसभराच्या आहाराची व्यवस्था

उष्टावणाचा विधी महाराष्ट्रातील अनेक घरांतून मोठ्या हौसेने केला जातो. बाळाच्या जिभेला खिरीचे बोट लागते, आप्तेष्ट जेवून जातात आणि समारंभ संपतो. आहाराच्या दृष्टीने मात्र खरे कार्य त्या दिवसापासून सुरू व्हावयाचे असते. पहिले 6 महिने आईचे दूध हाच बाळाचा पूर्ण आहार होय. त्यानंतर वाढत्या शरीराची गरज केवळ दुधाने भागत नाही. अंगावरचे दूध चालू ठेवून 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला पूरक अन्नातून दररोज सुमारे 200, 9 ते 11 महिन्यांच्या बाळाला सुमारे 300 आणि 1 ते 2 वर्षांच्या बालकाला सुमारे 550 उष्मांक मिळावे लागतात.

ही गरज नेमकी अशा काळात निर्माण होते, की ज्या काळात बाळंतपणानंतर घरी राहिलेली माता पुन्हा मजुरीला जाऊ लागते. खुरपणी, भातलावणी, कापूस वेचणी किंवा बंधाऱ्याचे काम यांसाठी सकाळी बाहेर पडलेली स्त्री दिवस कलल्यावरच घरी परतते. बाळ बरोबर नेले, तर ते झाडाला बांधलेल्या झोळीत राहते व त्याला अंगावरच्या दुधाखेरीज काही मिळत नाही. घरी ठेवले, तर ते वृद्ध आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन होते, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. दोन्ही प्रकारांत बाळाच्या दिवसातील 8-9 तास पुरेशा अन्नावाचून जातात. सकाळी व रात्री कितीही प्रेमाने भरवले, तरी ही तूट भरून निघत नाही.

पातळ पेज का पुरत नाही

याचे कारण बाळाच्या पोटाच्या आकारात आहे. बाळाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर एवढेच अन्न त्याच्या जठरात एका वेळी मावते. म्हणजे 7 किलो वजनाच्या बाळाला एका खेपेस साधारण 200 मिलिलिटर अन्न पुरे होते. ही जागा भाताच्या निवळीने किंवा वरणाच्या पाण्याने भरली, तर पोट भरते, पण पोषण होत नाही. अन्न चमच्यावरून सहज ओघळून न जाण्याइतके घट्ट असावे. त्यात चमचाभर तूप वा तेल घातल्यास तेवढ्याच घासात अधिक उष्मांक मिळतात. 6 ते 8 महिन्यांत असे अन्न दिवसातून 2 ते 3 वेळा व पुढे 3 ते 4 वेळा द्यावयाचे असते. कामावर निघण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा भरवले, तरी मधल्या वेळेचा किमान एक आहार बाहेरच द्यावा लागतो.

घरी देण्यास नाचणीचे सत्त्व उत्तम. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून व हलकी भाजून दळली असता मोड येताना निर्माण झालेल्या द्रव्यामुळे तिची लापशी फार घट्ट होत नाही. त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ शिजवता येते व ते बाळाला गिळताही येते.

बरोबर काय न्यावे

शिजवलेले ओलसर अन्न नेहमीच्या तापमानात 2 तासांहून अधिक ठेवणे धोक्याचे असते. उन्हाळ्यात तर ते त्याहूनही लवकर बिघडते. सकाळी शिजवलेला मऊ भात दुपारी भरवला, तर हगवणीला आमंत्रण मिळते. म्हणून बरोबर कोरडे अन्न न्यावे आणि ते खाण्याच्या वेळीच कालवावे. 4 भाग ज्वारी वा गहू व 1 भाग मूगडाळ निरनिराळी खमंग भाजून बारीक दळावी. झाकणाच्या कोरड्या डब्यात हे पीठ टिकते. उकळून झाकून नेलेल्या पाण्यात ते गुळाबरोबर कालवले, की आहार तयार होतो. केळे तर निसर्गानेच सालीत बांधून दिले आहे. ते जागेवर सोलून कुस्करावे.

भरवण्यापूर्वी बाळाचे व भरवणाऱ्याचे हात साबणाने धुवावेत. वाटी आणि चमचा वापरावा. दुधाची बाटली नको. कामाच्या जागी बाटली व बूच स्वच्छ ठेवणे शक्य होत नाही. बाटल्यांच्या जाहिरातीस 1992 च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे, ती उगाच नव्हे. अख्खे शेंगदाणे वा फुटाणे घशात अडकू शकतात, म्हणून ते देऊ नयेत. 1 वर्षाच्या आत मधही चाटवू नये.

सावली, पाणी आणि एक जबाबदार व्यक्ती

डबा बरोबर असला, तरी भरवावयास सवड व माणूस हवे. लहान मूल घाईने खात नाही. त्याच्याशी बोलत, त्याच्या कलाने घास द्यावा लागतो. 1972 च्या दुष्काळात आकारास आलेल्या रोजगार हमी योजनेच्या कामांवर हा प्रश्न मोठ्या प्रमाणात पुढे आला. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या जागी पिण्याचे पाणी व मुलांसाठी सावली यांची तरतूद करण्यात आली. तसेच 6 वर्षांखालील 5 किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका मजूर स्त्रीची नेमणूक करावी व तिला मजुरी द्यावी, असेही त्यात ठरविण्यात आले. या तरतुदीमागील तत्त्व खाजगी शेतावरही तितकेच लागू पडते. दहा बायांच्या टोळीतील एकीने मुले सांभाळावी व तिची मजुरी सर्वांनी मिळून द्यावी, एवढी व्यवस्था गावाच्या आवाक्याबाहेरची नाही.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून हंगामापुरते पाळणाघर, झाकणाचे पाण्याचे पिंप आणि वाट्या-चमचे यांची सोय होऊ शकते. 6 महिने ते 3 वर्षे वयाच्या बालकांसाठी अंगणवाडीतून मिळणारा घरपोच आहार प्रत्यक्ष बाळाच्याच मुखी जातो की घरात वाटला जातो, याकडे सेविकेने लक्ष पुरवावे. शिक्षकांनी सुगीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलींची यादी पाहिली, तर कोणत्या घरी बाळाला सांभाळणारे कोणी नाही, हे त्यांना सहज कळेल. ती यादी ग्रामसभेपुढे ठेवली, तर घरातील बाळ आणि त्याची बहीण या दोघांचेही हित साधेल.