उत्तराला हव्यात दोन साक्षी

विद्यार्थिमित्रांनो, कूट शब्दकोड्यातील हे सूचक वाक्य पाहा : ‘बीबी का मकबरा पोटात श्रम लपवतो (2).’ कंसात उत्तराची अक्षरसंख्या असते. छत्रपती संभाजीनगरातील ही वास्तू तुम्हांला ठाऊक असेलच; पण इथे तिचा इतिहास विसरा, फक्त अक्षरे पाहा.

श्रम म्हणजे ‘कष्ट’. अर्थ जुळला, अक्षरेही दोनच! पण पोटात काय आहे? ‘का’ आणि त्याला लागून ‘म’. म्हणजे ‘काम’! अशा वाक्याचा एक भाग अर्थ सांगतो, तर दुसरा अक्षरांची जुळणी. ‘कष्ट’ हा शब्द दुसऱ्या कसोटीला उतरत नाही, म्हणून बाद.

काही कोड्यांत सर्व उत्तरे एकाच विषयाची असतात. उदाहरणार्थ, ‘गवे उलटे फिरले, की दिशा असलेली राशी मिळते (2).’ मराठी कोड्यात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर एका चौकोनात बसते. म्हणून ‘गवे’ उलटून ‘वेग’. पुढे, ‘एकाच शब्दात दडलेला पारदर्शक पदार्थ (2)’. उत्तर ‘काच’. या दोहोंना जोडणारा विषय कोणता? बहुधा प्रकाश! निर्वातात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर, तर साध्या काचेत सुमारे 2 लाख.

विषय कळला की तर्क सोपा होतो, पण मोहही वाढतो. विषयाला शोभणारे उत्तर बरोबर असेलच असे नाही. प्रयोगशाळेतही अपेक्षित आकडा आला म्हणून पडताळा टाळायचा नसतो.

आता तुम्ही सोडवा : ‘किल्ल्याच्या आरंभाला युद्ध जोडा, सूर्याकडून येईल (3).’ दोन्ही साक्षी जुळल्या, तरच उत्तर शाईने लिहा!