लंडनच्या खात्यावरचं हिंदुस्थानचं येणं

१८६७च्या अखेरीस मुंबई बंदरातून एकामागून एक जहाजं तांबड्या समुद्राकडे निघाली. ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, सम्राट टेवोड्रोस याने ब्रिटिश वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले होते. त्यांना सोडवण्याची कामगिरी मुंबई लष्कराचे सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर यांच्याकडे आली. बरोबर हिंदी शिपाई, खेचरं आणि हत्तीसुद्धा होते. या भांडणाशी हिंदुस्थानचा काडीचाही संबंध नव्हता. तरी शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्याच तिजोरीतून जात राहिला. हे शिपाई छावणीत बसून राहिले असते तरी पगार द्यावाच लागला असता, तेव्हा लंडनने फक्त वरचा जादा खर्च सोसावा, असा हिशेब मांडला गेला.

ऐकायला हे वाजवी वाटतं. पण त्याआधी दहाच वर्षं, १८५७चा उठाव मोडायला इंग्लंडहून पलटणी आल्या, तेव्हा हाच न्याय उलट बाजूने कुणी लावला नाही. पलटणींनी इंग्लंडचा किनारा सोडल्यापासूनचा सगळा खर्च हिंदुस्थानवर पडला. शिवाय जहाजावर चढण्याआधीच्या सहा महिन्यांचा खर्चही परत मागण्यात आला. हा आरोप १८५९ साली छापून केला तो जॉर्ज विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याने. दख्खनमधल्या जमीन मोजणीच्या आणि साराआकारणीच्या कामात मुरलेला हा माणूस. सरकारी तिजोरीतला रुपया कुठल्या शेतातून येतो हे त्याने पाहिलेलं होतं, म्हणून त्याच्या साक्षीला मला विशेष वजन वाटतं.

हिंदुस्थानच्या कारभाराविषयीच्या १८५८च्या कायद्यात एक कलम होतं. परचक्र आलं किंवा अचानक निकड उद्भवली तर गोष्ट वेगळी. एरवी हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लढायांवर हिंदुस्थानचा महसूल खर्च करायचा नाही, करायचा असेल तर ब्रिटिश संसदेची संमती घ्यायची. पण खर्च ज्याच्यावर ढकलायचा त्याला त्या संसदेत मत नव्हतं, आणि ज्याचा वाचणार होता तोच संमती देणार होता. ॲबिसिनियानंतर १८८२मध्ये इजिप्त, मग सुदानच्या किनाऱ्यावरचं सुआकिन अशी यादी वाढत गेली. लंडनमध्ये होणारा हिंदुस्थानचा खर्च, म्हणजे ‘होम चार्जेस’, तो निराळाच. कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना हमी दिलेला परतावा, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं आणि भारतमंत्र्याचा पगारसुद्धा त्यात होता. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनला नाचाची मेजवानी झाली, तिचं बिलही हिंदुस्थानच्या नावावर गेलं.

या वाटपाची रीतसर चौकशी व्हायला १८९५ उजाडलं. लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगात दादाभाई नौरोजी स्वतः सदस्य होते. १८९७ साली पुण्याच्या डेक्कन सभेच्या वतीने गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला गेले. फर्ग्युसन कॉलेजातल्या या तरुण प्राध्यापकाची तयारी न्यायमूर्ती रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी करून घेतली होती. मुंबईहून दिनशा वाच्छाही साक्षीला गेले. हिंदी बाजूचा मुद्दा बिनतोड होता: साम्राज्याच्या कामासाठी दर वेळी काही हजार शिपाई मोकळे करता येतात, याचाच अर्थ हे लष्कर हिंदुस्थानच्या गरजेपेक्षा मोठं आहे आणि त्याचा काही भार इंग्लंडने कायमचा उचलला पाहिजे. १९००च्या अहवालात बहुमताने किरकोळ सवलती सुचवल्या. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तीन सदस्यांनी वेगळा अहवाल जोडला. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश खजिन्यावर जायला मात्र १९१९चा कायदा यावा लागला.

भांडण पुढेही चालू राहिलं. गोऱ्या शिपायाची इंग्लंडमध्ये भरती करून त्याला तयार करायचं, त्याचा माणशी आकार हिंदुस्थानने भरायचा, अशी पद्धत होती. अखेर हा वाद ऑस्ट्रेलियाचे सर रॉबर्ट गॅरन यांच्या लवादाकडे गेला. त्यात लाहोर आणि अलाहाबाद उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायाधीश, सर शादीलाल आणि सर शाह महंमद सुलेमान, बसले होते. १९३३मध्ये निकाल जाहीर झाला: हिंदुस्थानच्या संरक्षण खर्चासाठी ब्रिटनने वर्षाला १५ लाख पौंड द्यावेत. लष्कराच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम लहानच, पण हिंदुस्थानातलं लष्कर साम्राज्याच्याही कामाचं आहे हे त्या निकालाने पैशांच्या रूपात मान्य झालं.

मग महायुद्ध आलं आणि नोव्हेंबर १९३९मध्ये खर्चवाटपाचा लेखी करार झाला. शांततेच्या काळातला नेहमीचा लष्करी खर्च, त्यावर भाववाढीची भर, हिंदुस्थानच्या स्वतःच्या बचावाचे उपाय आणि परदेशी पाठवलेल्या फौजेसाठी एकदाच १ कोटी रुपये, एवढं हिंदुस्थानने द्यायचं. बाकी सगळं ब्रिटनने. युद्ध एवढं पसरेल असं तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. जपान ब्रह्मदेशापर्यंत आला आणि हे ‘बाकी सगळं’ अफाट फुगलं.

ब्रिटन ते रोख देत नव्हता. हिंदुस्थानातला माल आणि सेवा रुपयांत घेतल्या जात, त्या बदल्यात लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंड जमा होत आणि त्या तारणावर इथे नोटा छापल्या जात. युद्धकाळात चलनातल्या नोटा सहापटींहून जास्त झाल्या. माल युद्धाकडे गेला, बाजारात नोटा राहिल्या. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक होती, पण महागाई हे त्यातलं मोठं कारण होतं आणि तिचं मूळ या व्यवहारात होतं. हिंदुस्थान कागदोपत्री ब्रिटनचा सावकार झाला तो गरिबांच्या पोटाला चिमटा काढून. या पैशाबद्दल लिहिताना हे विसरणं मला अपराध वाटतो.

१९४६पर्यंत लंडनमधली ही पौंडांतली, म्हणजे स्टर्लिंग, शिल्लक सुमारे १३० कोटी पौंडांवर, म्हणजे त्या वेळच्या १,७३३ कोटी रुपयांवर गेली. मधल्या काळात हिंदुस्थानचं जुनं पौंडांतलं कर्जही बहुतेक फिटलं होतं. हिंदुस्थानचं रक्षण आम्ही केलं, तेव्हा उलट आमचंच काही येणं निघतं, असा चर्चिल यांचा हट्ट होता. भारतमंत्री अमेरी यांनी त्याला विरोध केला. १९४५च्या अमेरिकी कर्जाच्या करारातही अशा शिलकांचा काही भाग सोडून द्यावा लागेल असं गृहीत धरलेलं होतं. पण १९३९चा कागद सहीशिक्क्याचा होता, आणि येणं उघडपणे बुडवता आलं नाही. गोखल्यांजवळ युक्तिवाद होता, करार नव्हता. सगळा फरक माझ्या मते इथेच पडला. या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हा प्रश्न जगापुढे मांडणाऱ्या हिंदी शिष्टमंडळात शन्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ यांच्यासह तेही होते.

१४ ऑगस्ट १९४७ रोजी तात्पुरता करार झाला. ११६ कोटी पौंड शिल्लक. त्यातले वर्षअखेरपर्यंत वापरायला मोकळे झाले साडेसहा कोटी, बाकी गोठवलेले. जुलै १९४८च्या करारात ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाचे आणि मालमत्तेचे १० कोटी पौंड या शिलकेतून वळते झाले. निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांसाठी आणखी १६ कोटी ८० लाख पौंड एकरकमी देण्यात आले. होम चार्जेसमधलं हे जुनं कलम स्वतंत्र भारताने असं आगाऊ भरून संपवलं.

उरलेल्या पैशावर व्याज अगदी नाममात्र होतं, आणि ब्रिटनमध्येही किमती चढत होत्या. सप्टेंबर १९४९मध्ये पौंडाचं डॉलरशी अवमूल्यन झालं. खात्यावरचा आकडा एका पौंडानेही कमी झाला नाही; पण त्या पौंडांतून अमेरिकेचा गहू किंवा यंत्रं घ्यायची तर डॉलर तीस टक्के कमी मिळू लागले.