न फिरणारा पंखा

बोरघाटात वाहनांची रांग खोळंबली, की गाडीतील उष्णतादर्शक काटा चढू लागतो. वाट मोकळी होऊन गाडीने वेग घेतला, की तो पुन्हा उतरतो. शीतनव्यवस्थेतील दोषाचे निदान करताना ही एकच गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते. धावत्या गाडीत समोरून येणारा वाराच रेडिएटरमधील पाणी निववितो. उभ्या गाडीत ते काम सर्वस्वी पंख्याकडे येते. म्हणून केवळ उभी असताना तापणाऱ्या गाडीत संशय प्रथम पंख्यावर जातो. भरधाव वेगातही इंजिन तापत असेल, तर पाण्याची पातळी, पंप वा तुंबलेला रेडिएटर यांकडे आधी वळावे.

जुन्या अँबॅसडरमध्ये पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरे. इंजिन चालू तर पंखा चालू. पट्टा तुटला वा सैल झाला का, एवढेच पाहावे लागे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत इंजिन आडवे बसविलेले असल्याने ही सोय उरली नाही. पंख्याला स्वतंत्र विद्युत्-मोटर आली, आणि तिच्याबरोबर तिला आदेश देणारी यंत्रणाही.

येथे ‘पंखा बंद आहे’ या वाक्याची संदिग्धता ध्यानात घेण्याजोगी आहे. बिघडलेल्या पंख्याविषयी ते जसे खरे, तसेच ज्याला फिरण्याचा आदेशच मिळालेला नाही अशा धडधाकट पंख्याविषयीही खरे. ‘बंद पडला’ असे म्हणून मराठी भाषक पहिला अर्थ वेगळा काढू शकतो. परंतु न तपासता तसे म्हटले गेले, की चांगली मोटर बदलली जाते आणि गाडी पुढच्या घाटात पुन्हा तापते.

निर्णयाचा सोपा उपाय म्हणजे इंजिन निवल्यावर ए. सी. लावून पाहणे. बहुतेक गाड्यांत ए. सी. बरोबर रेडिएटरचा पंखाही फिरू लागतो. तो फिरला, तर मोटर निर्दोष ठरते व शोध तापमान सांगणाऱ्या सेन्सरकडे वळतो. न फिरल्यास प्रथम फ्यूज पाहावा, मग रिले तशाच दुसऱ्या रिलेशी बदलून पाहावा, आणि शेवटी मोटरच्या जोडणीपाशी चाचणी-दिवा लावावा. तेथवर वीज पोचत असेल, अर्थिंगही शाबूत असेल आणि तरीही पंखा फिरत नसेल, तरच मोटर दोषी. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक क्षमतेचा फ्यूज बसविणे हा निव्वळ अविचार होय; जखडू लागलेली मोटर जादा वीज ओढते, हेच तो जळून सांगत असतो.

सर्वांत फसवा प्रकार निराळाच. पाणी घटून सेन्सर उघडा पडला, तर तो शाबूत असूनही चुकीचे तापमान कळवितो. थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिला, तर तापलेले पाणी रेडिएटरपर्यंत येतच नाही. ज्या गाड्यांत सेन्सर रेडिएटरवर असतो, तेथे पंखा गप्प राहतो तो योग्य कारणाने! काटा चढलेला असूनही रेडिएटरच्या रबरी नळ्या गार लागणे, ही त्याची खूण.

हात घालण्यापूर्वी मात्र बॅटरीची तार सोडवावी, कारण काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अकस्मात फिरू लागतो. तापलेल्या रेडिएटरचे झाकण तर कदापि उघडू नये. आतला दाब बाहेरच्यापेक्षा एका वातावरणाने अधिक असता पाणी सुमारे १२० अंश सेल्सियसला उकळते. झाकण सैल होताच दाब उतरतो, आणि तोवर शांत असलेले ते पाणी उसळून तोंडावर येते.