भरतीच्या वेळापत्रकावरचा शुक्रवार

पहाटे पावणेपाच. कुवेतमध्ये सुटी शुक्रवार-शनिवारची, त्यामुळे या वेळी साल्मियाचे रस्ते ओस असतात. कॅमेऱ्याची बॅग रात्रीच गॅलरीत ठेवलेली. फेब्रुवारीतली पहाट चांगलीच गार असते आणि घरात उबदार राहिलेली लेन्स गारठ्यात नेली, की तिच्या तोंडावरच्या हूडमध्ये गरम हवा बराच वेळ थरथरत राहते. फोटो मऊ येतात आणि दोष बिचाऱ्या फोकसला लागतो. सप्टेंबरात उलटा प्रकार. एसीतून काढलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत धुक्यासारखी पांढरी होते, आणि ती पुसण्यात सूर्योदय निघून जातो. दोन्ही ऋतूंना गॅलरीचाच उतारा.

पावणेसहा. सुलैबिखातचा किनारा. गाडीचा हीटर घरून निघाल्यापासून बंद. खिडकीतून फोटो काढायचे तर आतली ऊब बाहेर पडताना तीही चित्रात उतरते. खिडकीच्या काचेवर चणाडाळ भरलेली पिशवी आणि पिशवीवर लेन्स. निकॉनची २००-५००, कॉलरसकट २३०० ग्रॅम. हातात धरून तासभर उभं राहणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण डाळ बरी. शिवाय गाडीतल्या माणसाला पक्षी माणसात धरत नाहीत. दार उघडलं रे उघडलं, की सगळा थवा उठतो.

शेजारच्या गाडीत मंगफचे काका. मूळचे रत्नागिरीचे, तेलाच्या कंपनीत अर्धं आयुष्य गेलेलं. वाट बघणं त्यांच्याकडून शिकतेय. बटणं काय, पुस्तकातूनही कळतात.

साडेसहा. सूर्य वर येतो. कुवेतच्या उपसागरात मोठ्या भरती-ओहोटीतला फरक तीन मीटरच्या वर जातो, आणि इथला किनारा इतका सपाट, की ओहोटीला चिखल नजर पोचेल तिथपर्यंत पसरतो. रोहित त्याच्या पार पलीकडच्या कडेला, गुलाबी रेघ होऊन उभे. भिगवणला नावाडी आपल्याला त्यांच्याजवळ नेतो. इथे चिखलात पाऊल टाकलं तर मांडीपर्यंत आत.

“अगं, मागे लागू नकोस त्यांच्या,” काका खिडकीतून सांगतात. “साडेआठची भरती आहे. पाणीच आणून देईल.”

आणि देतंच. चिखल आक्रसत जातो तसे चिखले, तुतवार, कुरल पावलापावलाने आपल्याकडे सरकतात. लेन्स विकताना दुकानदार अंतराच्या गोष्टी करतो, पण पाचशे मिलिमीटरवर पक्ष्याआधी मधल्या हवेचाच फोटो निघतो. दोनशे मीटरवरचा रोहित पडद्यावर कितीही मोठा करा, पीस दिसत नाही. वीस मीटरवरचा साधा चिखल्या डोळ्यातल्या चमकेसकट येतो.

सात ते नऊ हा खरा कामाचा वेळ. किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे हिवाळ्यात ऊन सहसा समोरून येत नाही. या चिखलात निवट्या आहेत, आपल्या खाडीतल्यासारख्याच. इथली एक जात तर चिखलाचे बुटके बांध घालून पंचकोनी-षट्कोनी वाफे पाडते आणि हद्दीवरून शेजाऱ्याशी भांडते. नर शेपटीवर उसळी मारतो, पाठीवरचा पर शिडासारखा उभारतो आणि थपकन पडतो. ती थप ऐकू आली, की माझी नजर आधी समुद्र बगळ्याला शोधते. तो गडद राखी, मान आखडलेली, एक पाय अर्धवट उचललेला. मध्येच वेड्यासारखा तिरपा धावतो, पंख अर्धे उघडून वळतो, चोच खुपसतो. निवटी आडवी धरली जाते. मग तो ती पाण्यात बुचकळतो, डोकं पुढे येईल अशी फिरवतो आणि गिळतो. गळ्यातून उतरणारा फुगवटा नीट दिसतो.

हे टिपायला शटर १/२०००, छिद्र एफ ५.६, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडलेला. पण उजेडाचं माप आपण सांभाळायचं. गडद बगळ्यासाठी लावलेलं माप शेजारच्या पांढऱ्या बगळ्याची पिसं जाळून टाकतं. आणि झूमचा उपयोग इथे कळतो: शोधायचं दोनशेवर, मग पाचशेवर जायचं. सुरुवातीपासून पाचशेवर बसलं, की उडणारा सुरय चौकटीत सापडतच नाही, नुसतं आकाश सापडतं. या लेन्सचं कडं फिरवायला मनगट लांब वळवावं लागतं. तो सराव घरी टीव्हीसमोर करता येतो.

एक पथ्य आहे. कुवेतमधल्याच दोहा भागाचं वीजकेंद्र जवळच, लेन्स तिकडे वळवायची नाही. लष्कर, तेल, सरकारी इमारती यांनाही तेच. नोव्हेंबर २०१० मध्ये इथल्या एका इंग्रजी दैनिकाने सार्वजनिक जागी डीएसएलआरवर बंदी आल्याची बातमी छापली होती. जगभर गाजली, मग चुकीची म्हणून मागे घेतली. तरीही मोठी लेन्स पाहून गस्तीची गाडी थांबते. काका सलाम करून बगळ्याचा फोटो दाखवतात, गाडी पुढे जाते.

साडेनऊ. चिखल तापला. क्षितिजावरचे रोहित आता पायांत वितळल्यासारखे दिसतात, फोकस पुढेमागे चाचपडतो. यावर उपाय नाही, लाखांची लेन्सही इथे हरते. कॅमेरा बंद. गरम इराणी रोटी, थर्मासमधला चहा.

दुपार खोडण्यात जाते. डोळा धारदार नसेल तर फोटो रद्द, मग पंख कितीही देखणे असोत.

साडेतीन. आधी परवानगी काढलेली असली तर जहराच्या राखीव पाणथळीत. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर उगवलेलं बोरूचं रान, वाळवंटाच्या तोंडावर. हिवाळ्यात मोठे ठिपकेदार गरुड येतात. साडेचारनंतर दलदली भोवत्ये बोरूवरून खालून खालून घिरट्या घालत रातथाऱ्याकडे येतात. संथ उडतात, नवशिक्याला पॅनिंग शिकायला याहून चांगला गुरुजी नाही. उजेड उतरतो तसं शटर १/१०००, मग १/५००. स्थिरीकरण ‘स्पोर्ट’वर. आयएसओ ३२००ला फोटोत कणी येते. येऊ दे, हललेल्या फोटोपेक्षा कणीदार परवडतो.

साडेपाच. सूर्य गेला.

आठ वाजता घरी. ब्लोअरने धूळ उडवायची. कापडाने पुसली तर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. कार्ड दोन ठिकाणी उतरवायचं. मग भरतीचं कोष्टक. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे पुढच्या शुक्रवारी ती अडीचच्या आसपास. काकांना निरोप पाठवते, दुपारी येता का?

उत्तर लगेच येतं. “हवा नाचेल गं.”

“मग गाडीच्या चाकाशी येतील तेवढेच काढू.”

“डाळ आण,” काका लिहितात. “माझी पिशवी फाटलीय.”