वनस्पतिज तंतूंचे आयुर्मान व त्यांची निवड

वनस्पतिज तंतू ओलाव्यात कुजतात, हा त्यांचा दोष समजला जातो. नायलॉनच्या दोरीचा प्रसार होण्यास हे एक प्रमुख कारण झाले. परंतु बागकाम व हस्तव्यवसाय यांत हे कुजणे पुष्कळदा उपयुक्त ठरते. तंतूची निवड करताना त्याच्या बळाइतकाच त्याच्या आयुर्मानाचाही विचार व्हावयास हवा.

हे आयुर्मान मुख्यतः तंतूच्या रासायनिक घटनेवर अवलंबून असते. सेल्युलोज हे जंतू व बुरशी यांना सुलभ असे अन्न होय. लिग्निन मात्र त्यांना सहजासहजी पचत नाही. नारळाच्या काथ्यात लिग्निन सुमारे ४० टक्के असते, ज्यूटमध्ये सुमारे १२ टक्के, तर कापसात ते जवळजवळ नसतेच. म्हणूनच काथ्याचे सुंभ ओल्या मातीत कित्येक हंगाम टिकते, तर ज्यूटची सुतळी त्यामानाने लवकर जीर्ण होते.

अंबाडीचा वाख काढण्याची रीतही कुजण्यावरच आधारलेली आहे. पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवल्या असता जंतू प्रथम तंतूंना परस्परांशी जोडणारे पेक्टिन विघटित करतात व वाख मोकळा होतो. ही क्रिया वेळीच थांबवली नाही, तर सेल्युलोजवरही आघात होऊन वाख दुबळा होतो.

याचे व्यावहारिक फलित स्पष्ट आहे. काकडी किंवा घेवडा यांच्या एका हंगामाच्या मांडवास सुतळी पुरते; हंगाम सरल्यावर वेलासह ती खतखड्ड्यात टाकता येते. अनेक वर्षांच्या वेलीस किंवा टांगत्या कुंडीस काथ्या योग्य. कोवळ्या रोपास आधारकाठीशी बांधलेली नायलॉनची दोरी वेळेवर सोडली नाही, तर खोड जाड होताना ती सालीत रुतून अन्नरसाचा प्रवाह अडवते. सुतळी बहुधा तत्पूर्वीच तुटते. केळीच्या सोपटाने गुंफलेला हार निर्माल्यात फुलांबरोबरच कुजतो; नायलॉनचा धागा मात्र हाताने वेचून काढावा लागतो.

काथ्याच्या टिकाऊपणास दुसरी बाजूही आहे. त्याचा भुसा पाणी उत्तम धरून ठेवतो, पण त्यात कर्बाच्या मानाने नत्र फारच अल्प असते. न कुजवता तो मातीत मिसळल्यास जंतू मातीतील नत्र वापरतात व रोपे पिवळी पडतात. क्षार काढण्यासाठी तो धुऊन, नंतर कुजवूनच वापरावा.

तात्पर्य, बांधणी किती काळ टिकावयास हवी हे आधी ठरवावे. तंतू त्यानंतर निवडावा.